बनाना स्प्लिटच्या मुलुखात : पिट्सबर्ग ते सिनसिनाटी

(मागील अंकावरून पुढे)

मंगळवार, पिट्सबर्ग

काल रात्री उशिरा भाचीकडे पोचलो. आज संध्याकाळी तिच्या घराजवळच्या आइस्क्रीमच्या दुकानात गेलो. बनाना स्प्लिट रीतसर आलं : लांबट काचेची बशी, दोन्ही कडांना केळ्याच्या उभ्या फोडी, मधे व्हॅनिला, चॉकलेट आणि स्ट्रॉबेरीचे गोळे, त्यांवर अननसाचा पाक, चॉकलेट सॉस, स्ट्रॉबेरीचा पाक, मग फेटलेलं क्रीम, अक्रोडाचा चुरा आणि लाल चेरी. आइस्क्रीम उत्तम होतं. केळं मात्र कच्चट. फोडीच्या टोकाला हिरवी छटा, चमच्याला दाद देईना, आणि मागाहून जिभेवर तुरटपणा रेंगाळला.

आमचं घर रावेर तालुक्यातलं, केळीवर चाललेलं. त्यामुळे बशी पुढ्यात आली की माझी नजर आधी केळ्यावर जाते. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, म्हणून स्प्लिटमधलं केळं नुसतं खायच्या केळ्यापेक्षा थोडं जास्तच पिकलेलं हवं. शिकरणीसाठी आई सालीवर काळे ठिपके आलेलीच केळी निवडायची, ती याचसाठी. भाची म्हणाली, "मामा, इथं ठिपका दिसला की गिऱ्हाईक केळ्याला हात लावत नाही. दुकानदार तरी काय करणार?" करण्यासारखं पुष्कळ आहे. केळी दोन दिवस आधी आणून बाहेर ठेवायची, फ्रिजमध्ये कोंबायची नाहीत. थंडीनं साल काळी पडते, पण आतलं केळं पिकत नाही.

बुधवार, लॅट्रोब

पिट्सबर्गहून पूर्वेला मोटारीनं तासाभराचा रस्ता. पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेलं हे छोटं शहर. गोल्फचा आर्नल्ड पामर इथला, मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांचे फ्रेड रॉजर्सही इथलेच. मी आलो तो डेव्हिड स्ट्रिकलरसाठी. १९०४ साली टासेल फार्मसीत उमेदवारी करणाऱ्या या तेवीस वर्षांच्या मुलानं केळं उभं चिरून त्यात आइस्क्रीम मांडलं. त्या काळी अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत सोडा फाउंटन असे, औषध बांधून होईपर्यंत लोक तिथं सरबत, आइस्क्रीम घेत बसत. स्ट्रिकलरनं किंमत ठेवली दहा सेंट, इतर सन्डेच्या दुप्पट. तरी सेंट व्हिन्सेंट कॉलेजच्या मुलांनी ते उचलून धरलं आणि सुट्टीत घरी जाताना त्याचं नाव गावोगाव नेलं. पुढे त्यानं ते दुकानच विकत घेतलं. आज लिगोनियर स्ट्रीटवर त्या जागी फलक आहे, भल्या मोठ्या स्प्लिटचं शिल्प आहे. दर ऑगस्टमध्ये गावात याचा उत्सव भरतो.

फलकासमोर बराच वेळ उभा होतो. स्ट्रिकलरनं चिरलेलं केळं आज या गावात कुणालाही मिळणार नाही. त्या वेळी अमेरिकेत येई ते ग्रो मिशेल जातीचं केळं. मातीतल्या बुरशीनं होणाऱ्या मर रोगानं, ज्याला पनामा रोग म्हणतात, मध्य अमेरिकेतले त्याचे मळेच्या मळे बसवले. १९६०च्या सुमाराला बाजारात त्याची जागा कॅव्हेंडिशनं घेतली. आमच्याकडची जुनी बसराई कॅव्हेंडिशच्याच कुळातली, आणि आज रावेर-यावलला लागते ती ग्रँड नैनही. म्हणजे इथल्या बशीतलं केळं आणि आमच्या बागेतलं केळं एकाच घराण्याचं. या जाणिवेनं आनंद झाला आणि काळजीही वाटली. त्या बुरशीचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही मारतो. बिहारमध्ये तो आलेला आहे, २०१९ मध्ये कोलंबियातही सापडला. एकदा मातीत शिरला की फवारणीनं जात नाही. खान्देशात हंगामी मजुरापासून व्यापाऱ्यापर्यंत किती घरं केळीवर उभी आहेत हे मी पाहत आलोय. ग्रो मिशेलची गोष्ट आमच्या प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगायला हवी.

दुपारी गावातल्या एका दुकानात स्प्लिट खाल्लं आणि मन भरलं. काउंटरवरच्या मुलीनं टोपलीतली केळी उलटीपालटी करून ठिपकेवालं निवडलं. मग न सोलताच ते आडवं धरून सालीसकट उभं चिरलं, दोन्ही फोडी बशीच्या कडेला टेकवल्या आणि साल अलगद ओढून काढली. पिकलेलं केळं आधी सोललं तर चिरताना तुटतं, असं केलं की फोड अखंड राहते. चमचा सहज आत गेला. केळं, व्हॅनिला आणि अननसाचा पाक एका घासात आले, तेव्हा अननस कशासाठी ते कळलं. त्याच्या आंबटपणाशिवाय हा पदार्थ गोडानं नुसता जड होईल.

गुरुवार

दिवसभर मोटारीत. ओहायोत शिरल्यावर दोन्ही बाजूंना मक्याची शेतं.

शुक्रवार, विल्मिंग्टन, ओहायो

डेलावेअरचं विल्मिंग्टन वेगळं. त्याच्या बंदरात केळी उतरतात. हे ओहायोतलं गाव म्हणतं की स्प्लिट आमचं : १९०७च्या हिवाळ्यात अर्नेस्ट हॅझर्डनं कॉलेजच्या मुलांना आपल्या रेस्टॉरंटकडे ओढण्यासाठी ते केलं. इथंही जूनमध्ये उत्सव होतो. माझा कौल लॅट्रोबला. साल तीन वर्षं आधीचं आहे, आणि अमेरिकेतल्या आइस्क्रीम विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं २००४ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, स्प्लिटच्या जन्मस्थानाचा मान लॅट्रोबलाच दिला. इथलं स्प्लिट बरं होतं, सॉस फार.

शनिवार, सिनसिनाटी

ओकली भागातलं अ‍ॅग्लामेसिस ब्रदर्स. ग्रीसहून आलेल्या दोन भावांनी १९०८ मध्ये हा धंदा सुरू केला. संगमरवरी टेबलं, जुन्या वळणाची सजावट, आणि कुणाला घाई नाही. मी केळं जास्त पिकलेलं मागितलं. काउंटरमागच्या गृहस्थांनी कारण विचारलं, मी शेतकरी घरातला आहे असं सांगितलं, तर ते घड किती किलोचा भरतो, केळीला पाणी किती लागतं, एका झाडाला घड किती येतात असं विचारत बसले. एका खोडाला एकच घड येतो, मग ते कापून बाजूचं पिल वाढवतात, हे ऐकून त्यांनी मागच्या पोरांनाही हाक मारली.

पुढचा मुक्काम शिकागो. चार्ल्स वॉलग्रीननं आपल्या औषधांच्या दुकानांतून स्प्लिट देशभर नेलं, ते तिथूनच.

(क्रमशः)