मुखपृष्ठावरची परडीवाली

दिवाळी अंक घरात आला की मोठी माणसं अनुक्रमणिका उघडायची आणि मी मुखपृष्ठापाशीच रेंगाळायचे. त्यातही 'दीपावली' असला की पाहायलाच नको. मडगावात जन्मलेल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या दीनानाथ दलालांनी हा अंक १९४५ साली सुरू केला. रंग लावायला मी शिकले ती त्यांच्याच एका मुखपृष्ठावरून.

कमरेवर परडी टेकवून उभी असलेली बाई, अंबाड्यात अबोली, परडीत शेवंती. मामा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्यानं चित्रावर बटर पेपर ठेवून चौकोन आखले, माझ्या कागदावर दुप्पट मापाचे. "आत्ता बाई विसर, चौकोन बघ," म्हणाला. रेखाटन झाल्यावर म्हणाला, "आता चौकोन विसर, बाई बघ."

तेव्हा कुठे दलालांची रेघ दिसली. मानेपाशी निघालेली रेघ खांद्यावरून उतरता उतरता पदर व्हायची आणि परडीच्या काठाला जाऊन मिळायची. बाई आणि फुलं वेगळी काढलेलीच नव्हती! हनुवटीखालच्या सावलीत काळा रंग नव्हता, जांभळट छटा होती. अंगकांतीसाठी मामा यलो ऑकर, किंचित शेंदरी आणि पांढरा मिसळायला लावी. पोस्टर कलर ओला दिसतो तसा वाळल्यावर राहत नाही, म्हणून कागदाच्या कडेला आधी ठिपका वाळवून बघायचा.

शेवंतीनं मात्र दमवलं. "पाकळ्या मोजू नकोस गं. आधी पिवळा चेंडू रंगव, मग उजेडाकडच्या चार पाकळ्या काढ," मामा म्हणाला. मूळ चित्रात नीट पाहिलं, तर दलालांनीही मोजक्याच पाकळ्या काढल्या होत्या. बाकीचं फूल आपलेच डोळे पुरं करत होते. केवढा विश्वास होता त्यांचा पाहणाऱ्यावर!

रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच आणि तितकेच लाडके. पण त्यांच्या चित्रात रंग रंगात असा विरघळतो की नवशिक्याला धरायला काठच सापडत नाही. शिकायला सुरुवात करावी ती दलालांपासून, असं माझं ठाम मत आहे.

दलाल १९७१ साली गेले. त्यांची मुखपृष्ठं असलेले अंक अजून कितीतरी घरांत माळ्यावर असतील. तुमच्याकडे असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. घरातल्या एखाद्या मुलीला काढून दाखवा, आणि सोबत एक चांगला ब्रशही द्या.