विस्तव मागायला

काकांना चंदनवाडीच्या स्मशानात नेलं तेव्हा चुलतभावाच्या हातात शिंकाळ्यातलं मडकं होतं. मडक्यात दोन गोवऱ्या धुमसत होत्या. आत विद्युतदाहिनी, मडक्याचं तिथं काहीच काम नव्हतं. तरी चार जिने उतरून, धूर डोळ्यांत जात असताना, त्यानं ते सांभाळून आणलं होतं. घरचा विस्तव घरच्या माणसाबरोबर जातो, एवढंच गुरुजी म्हणाले.

विस्तव. अग्नीपेक्षा मला हा शब्द फार जवळचा.

आजोळी, पाटणजवळ, आजी रात्री निखारे राखेत पुरून ठेवी. सकाळी राख सारून फुंकणीनं फुंकलं की पुन्हा लाल. पावसाळ्यात कधी विझलेले असत. मग हातात शेणीचं खांड देऊन ती मला शेजारी धाडी. काड्यापेटी कोनाड्यात असे, पण ती देवाच्या दिव्यापुरती. शेजारच्या काकू शेणीवर निखारा ठेवत आणि मी वाऱ्याला पाठ देऊन हळूहळू घरी येई. खालच्या घरी मात्र जायचं नाही. बांधावरून जुनं वैर होतं. 'त्यांच्यात विस्तव जात नाही' हे मी आधी डोळ्यांनी पाहिलं. वाक्प्रचार आहे हे नंतर कळलं. पण होळी गावाची एकच. धुळवडीच्या सकाळी आजी आणि खालच्या घरची आजी एकाच ढिगाशी वाकून निखारे उचलत होत्या. बोलल्या नाहीत. आजीच्या खापरात एकही धड निखारा येईना, तेव्हा त्या बाईनं काठीनं एक मोठा इकडे लोटला. त्यावर तापलेल्या पाण्यानं आम्ही पोरं न्हालो.

चंदनवाडीच्या स्मशानापासून पारशांचं अग्निमंदिर, अंजुमन आतशबेहराम, फार लांब नाही. १८९७चं. आतशबेहराम प्रतिष्ठापायला सोळा ठिकाणचा अग्नी गोळा करतात: कुंभाराचा, सोनाराचा, लोहाराचा, वीज पडून लागलेला, आणि चितेचाही. भोकांच्या पळीत चंदन घेऊन ती आगीवर अधांतरी धरायची. चंदन नुसत्या धगीनं पेटलं पाहिजे. त्या नव्या अग्नीवर पुन्हा दुसरं चंदन, पुन्हा तसंच. चितेचा विस्तवही असा शुद्ध करून घेतात, टाकत नाहीत, हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

१९७६ साली माँट्रियलला पावसानं ऑलिंपिकची ज्योत विझली. एका कर्मचाऱ्यानं लायटरनं ती पेटवली. तीही ज्योतच होती. पण अधिकाऱ्यांनी ती विझवली आणि मूळ ज्योतीपासून राखून ठेवलेल्या ज्योतीवरून पुन्हा लावली. मला ते अगदी पटतं.

काकांना नेलं त्या सकाळी दाराबाहेर गोवऱ्या रचल्या तेव्हा शेजाऱ्यांनी लायटर पुढे केला. काकू नको म्हणाल्या. आत देवघरात समई अजून तेवत होती. आदल्या संध्याकाळी ती काकांनीच लावली होती. काकूंनी तिच्यावरून कापूर पेटवला आणि तळहाताचा आडोसा धरून बाहेर आणला.