तीन हुकलेले निरोप

गेल्या वर्षी आमच्या टीमकडे एक तक्रार आली. एका कारखान्यात आमचे बारा स्विच रिंगमध्ये जोडलेले. एक केबल तुटली की ५० मिलिसेकंदांच्या आत डेटा उलट्या बाजूने वळायला हवा, पण लागत होता जवळपास पाऊण सेकंद. तुमचं-माझं रील तेवढ्यात अडकतही नाही. तिथे मात्र अख्खी लाइन थांबायची.

रिंगमधली एक लिंक मुद्दाम बंद ठेवतात, नाहीतर पॅकेट गोल गोल फिरत राहतात. कुठे तुटलं की ती राखीव लिंक उघडायची, असं जी.८०३२ हे मानक सांगतं. मी दोन आठवडे ती उघडणारा कोड घासत बसलो. मग लॉग नीट पाहिला. कोडला काही मिलिसेकंदच लागत होते, बाकी सगळा वेळ 'तुटलंय' हे कळण्यातच जात होता. तांब्याच्या गिगाबिट लिंकवर सिग्नल बिघडला तरी चिप लगेच हार मानत नाही. मानकाप्रमाणे मास्टर बाजू ७५० मिलिसेकंदांपर्यंत वाट बघू शकते.

चिपमधलं एक सेटिंग बदलून ते सुटलं. पण एका जागी मध्ये कन्व्हर्टर होता. पलीकडची फायबर काढली तरी अलीकडचा दिवा हिरवाच! तिथे दोन्ही स्विचनी दर ३.३३ मिलिसेकंदांनी एकमेकांना 'मी आहे' असा निरोप पाठवायचा, असं ठरवलं. लागोपाठ तीन निरोप हुकले की लिंक मेली असं धरायचं. म्हणजे साधारण १२ मिलिसेकंदांत निकाल.

त्याच दोन आठवड्यांत कराडहून रात्री नऊला येणारा बाबांचा फोन बंद झाला होता. 'जेवलास का?' एवढंच विचारायचे. माझ्या मेसेजवर निळ्या टिका येत होत्या, अंगठाही येत होता, म्हणून मी निवांत. पाचव्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा जिन्यावरून पडले होते, उजवा हात प्लास्टरमध्ये.

"तू कामात होतास, म्हटलं कशाला सांगा," बाबा म्हणाले. अंगठा डाव्या हाताने पाठवत होते.

त्यानंतर मी दिवसातून चार-चार फोन करायला लागलो. एकदा उचलला नाही तर थेट काकूंना. शेवटी बाबा वैतागले, "अरे, भाजी आणायला गेलो होतो. जिवंत आहे मी!" रिंगमध्येही असंच होतं. फार उतावीळ झालात की क्षणभराच्या गडबडीलाही लिंक पाडता, आणि धड चाललेलं नेटवर्क उगाच हलतं.

आता रात्री नऊला फोन मी करतो. नाही उचलला तर अर्ध्या तासाने पुन्हा, आणि मग काकूंना. बाबांना हे मान्य आहे.

निळ्या टिका मी आता मोजत नाही.