धणे, साल आणि गढूळ पांढरेपण

बेल्जियमच्या फ्लेमिशभाषक भागात रुजलेल्या गव्हाच्या बिअरला विटबिअर म्हणतात. फ्लेमिश बोलीत ‘विट’ म्हणजे पांढरा, आणि पेल्यात उतरलेली ही बिअर पाहिली की हे नाव तिला का शोभते ते वेगळे सांगावे लागत नाही. मात्र हे पांढरेपण रंगाचे नसून गढूळपणाचे असते. न गाळलेल्या बिअरमध्ये तरंगणारी गव्हाची प्रथिने, थोडे पिष्ट आणि यीस्टच्या पेशी प्रकाश विखुरतात आणि त्यामुळे मुळात फिकट पिवळा असलेला द्रव भाताच्या पातळ पेजेसारखा दुधी दिसू लागतो. आरपार दिसणाऱ्या सोनेरी लागर बिअरला सरावलेली नजर या गढूळपणाला प्रथमदर्शनी दोष समजते, म्हणून विटबिअरच्या आस्वादाची सुरुवात जिभेच्या आधी डोळ्यांच्या शिक्षणाने होते.

या गढूळपणाचे मूळ धान्यात आहे. बहुतेक बिअर माल्टपासून, म्हणजे भिजवून, मोड आणून, भट्टीत वाळवलेल्या बार्लीपासून होते. मोड येताना दाण्यात निर्माण होणारी विकरे पुढे कोमट पाण्यात पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात आणि ती साखर यीस्टचे खाद्य बनते. विटबिअरमध्ये मात्र साधारण निम्मे धान्य मोड न आणलेला कच्चा गहू असतो, कधी त्याच्या जोडीला थोडे ओट असतात, आणि या सर्वांचे पिष्ट फोडण्याचे काम उरलेल्या निम्म्या बार्ली-माल्टच्या विकरांवर पडते. गव्हाच्या दाण्याला बार्लीसारखे चिकटून राहिलेले तूस नसल्याने भिजवलेल्या धान्याचा थर चिकट होऊन बसतो, त्यातून रस गळायला तासन् तास लागतात, आणि म्हणून अनेक ब्रुअर त्यात मुद्दाम भाताचे तूस मिसळतात. एवढी अडचण पत्करण्यामागे कारण आहे. कच्च्या गव्हामुळे दाट, टिकाऊ फेस येतो, घोटाला रेशमी मऊपणा येतो आणि नुकत्या मळलेल्या कणकेची आठवण करून देणारी एक धान्यगंधी चव येते, जी केवळ माल्टमधून येत नाही.

बव्हेरियातील गव्हाच्या बिअरशी तिची गल्लत वारंवार होते. तिथला गहू मोड आणलेला असतो आणि केळे व लवंग यांची आठवण करून देणारा तिचा ठळक वास सर्वस्वी यीस्टच्या करामतीचा असतो. विटबिअरचे यीस्टही लवंगेच्या वळणाचा हलका तिखट गंध देते, पण इथे ते मुख्य गायकाच्या मागे बसलेल्या साथीदारासारखे राहते. बव्हेरियात १५१६ सालच्या शुद्धतेच्या फर्मानाने बार्ली, हॉप्स आणि पाणी यांपलीकडचे घटक निषिद्ध ठरवले होते. बेल्जियममध्ये तसा दंडक नसल्याने मसाला घालण्याची जुनी रीत टिकून राहिली. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले. विटबिअरमध्ये त्यांचा वापर जेमतेम असतो, आणि त्यांची जागा धणे व संत्र्याची वाळवलेली साल घेतात. ही साल परंपरेने कुरसाव बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कडू संत्र्याची असते, जिच्या फळाचा गर खाण्याजोगा नसला तरी सालीतले तेल अत्यंत सुगंधी असते.

मराठी आस्वादकाची खरी परीक्षा धण्यांपाशी होते. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात धणे जिऱ्याच्या सोबतीने, तेलावर परतून, गोड्या मसाल्यात किंवा धणे-जिरे पुडीत येतात. भाजण्याने त्यांच्यातील हलकी, फुलांसारखी सुगंधद्रव्ये उडून जातात आणि मागे खमंग, उष्ण वास उरतो. हा वास इतका ओळखीचा असतो की ‘धणे’ हा शब्द कानी पडताच जीभ आमटी शोधू लागते. ब्रुअर मात्र धणे न भाजता भरडतो आणि रस उकळण्याच्या अगदी शेवटच्या मिनिटांत घालतो, जेणेकरून लिनलूल नावाचे, लव्हेंडरमध्येही सापडणारे सुगंधद्रव्य वाफेसोबत निघून जाऊ नये. अशा धण्यांतून मसाल्याचा वास येत नाही; लिंबाची कोवळी साल आणि एखादे पांढरे फूल यांच्या मधल्या कुठल्यातरी गंधासारखा तो असतो. म्हणजे ज्या वस्तूची ओळख सर्वांत दाट, तिचीच ओळख इथे विसरावी लागते, आणि हे विसरणे, सरावाने साधणारे असले तरी, या बिअरच्या आस्वादातील सर्वांत अवघड काम आहे.

धण्यांच्या जातींतही फरक असतो. पूर्व युरोपातील बारीक, गोल धण्यांत तेलाचे प्रमाण अधिक असते. भारतातील टपोरे, लांबट धणे तेलाने कमी पण गंधाने सौम्य असतात, आणि अनेक अनुभवी ब्रुअर सौम्यतेसाठी त्यांनाच पसंती देतात. प्रमाण जरा चुकले की शिक्षा तत्काळ मिळते. धणे जास्त झाले, जुने असले किंवा फार वेळ उकळले, तर बिअरमध्ये साबणासारखा, सेलरीच्या देठासारखा, क्वचित खारवलेल्या मांसासारखा वास उतरतो. सालीचा पांढरा भाग जास्त गेला तर घशाशी चिवट कडवटपणा रेंगाळतो. उत्तम विटबिअर ती, जिच्यात धणे आहेत हे माहीत असूनही आस्वादक ‘धणे’ म्हणायला क्षणभर कचरतो, कारण त्याला नाकाशी एकच गंध जाणवतो आणि त्याचे घटक सुटे करता येत नाहीत.

या चवीचा मापदंड आला कुठून, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण ही बिअर मध्यंतरी नाहीशी झाली होती. फ्लेमिश ब्राबांत प्रांतातील हूगार्डन हे गाव पांढऱ्या बिअरसाठी प्रसिद्ध होते, परंतु लागरच्या लाटेपुढे तिथल्या ब्रुअरी एकामागून एक बंद पडल्या आणि १९५० च्या दशकात शेवटचीही मिटली. तारुण्यात शेजारच्या ब्रुअरीत हातभार लावलेले, व्यवसायाने दूधवाले असलेले पिएर सेलिस यांनी १९६६ साली ही बिअर पुन्हा गाळायला घेतली. १९८५ साली आगीत ब्रुअरीची मोठी हानी झाल्यावर मोठ्या कंपनीचे भांडवल आले, आणि सेलिस पुढे अमेरिकेतील ऑस्टिन शहरी जाऊन १९९२ पासून पुन्हा तीच बिअर करू लागले. म्हणजे आज जगभर जिला अस्सल चव मानतात, तिच्या मुळाशी एका माणसाच्या जिभेने जपलेली आठवण आहे. परंपरेचे इतके सारे ओझे एका स्मरणशक्तीने पेलावे, ही गोष्ट आदराने नोंदवावी अशीच आहे. त्यानंतर लहान ब्रुअरींनी ही रीत आपलीशी केली. मेन राज्यातील पोर्टलंड येथे १९९५ साली सुरू झालेल्या अलागाशची पहिली बिअर याच शैलीची होती, आणि २००९ पासून पुण्यात मायक्रोब्रुअरी निघू लागल्यावर तिथल्या नळांवरही बेल्जियन विट रुळली. उष्ण हवेला हलकी, जेमतेम पाच टक्के मद्यार्काची, कडवटपणा बेताचा असलेली ही बिअर मानवते, हे त्याचे एक कारण असावे.

प्रत्यक्ष चाखताना घाई टाळावी लागते. बाटलीतील दोन-तृतीयांश बिअर पेल्यात ओतून उरलेली हलकेच फिरवली म्हणजे तळाचा यीस्टचा गाळ मोकळा होतो, आणि मग तो फेसासकट वर ओतला जातो. हा गाळ टाकून देणारा आस्वादक अर्धीच बिअर पितो. पेल्याच्या काठावर संत्र्याची चकती लावण्याची प्रथा दिसायला देखणी असली तरी ती टाळलेली बरी, कारण सालीचे तेल फेस मारते आणि ब्रुअरने मोजून मापून घातलेल्या सुगंधावर ताज्या फळाचा ढोबळ वास स्वार होतो. पहिला श्वास छोटा घ्यावा, कारण नाक गंधाला लवकर सरावते. घोट तोंडात फिरवून गिळल्यानंतर नाकाने सोडलेल्या उच्छ्वासात जो गंध मागील वाटेने परत येतो, त्यात धणे आणि साल अधिक स्पष्ट होतात. जिभेवर आधी गव्हाची मऊ गोडी, मग कर्बवायूची तीक्ष्ण चुरचुर, आणि शेवटी किंचित आंबट, कोरडा शेवट, जो पुढच्या घोटाची इच्छा जागवतो.

फार थंड बिअर आपले दोष लपवते. पाच-सहा अंश सेल्सिअसला जी निर्दोष वाटते, ती पंधरा मिनिटांनी पेला कोमट होऊ लागल्यावर साबणाचा वास सोडू शकते, आणि म्हणून जाणकार शेवटचे दोन घोट मुद्दाम मागे ठेवतात. पेला रिकामा झाल्यावर त्याच्या आतल्या भिंतीवर फेसाची जाळी उरते. तो पेला पुन्हा नाकाशी नेला, तर बिअर चांगली असल्यास त्यात ओल्या कणकेचा आणि पुसट फुलाचा वास येतो. धणे त्यात कुठे संपले आणि गहू कुठे सुरू झाला, ते तेव्हाही सांगता येत नाही.