खिडकीबाहेरचा चित्रहार

खोटं बोलायला एक क्षण पुरतो. ते निस्तरायला मात्र मला सगळं पहिलं सत्र लागलं. आणि खरं सांगायचं तर, मराठीच्या सरांनी या अंकासाठी लिहायला सांगितलं नसतं, तर मी ते निस्तरलंही नसतं.

गोष्ट तशी साधी. यंदा पावसाळ्यात आम्हा चौघी मैत्रिणींना एका पॉडकास्टचं वेड लागलं होतं. दूरदर्शनवरच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांवर दोन माणसं त्यात गप्पा मारतात. अर्ध्या तासाचा कार्यक्रम आणि त्यावर दोन-दोन तास बोलणं! नवा भाग आला की आमच्या वसतिगृहात तो सणासारखा साजरा व्हायचा. एका मोबाइलला दोघींचे कान. मग दुसऱ्या दिवशी उपाहारगृहामागच्या पायऱ्यांवर त्याचं रीतसर परीक्षण. एकीचं म्हणणं, हे दोघे गाण्यांपेक्षा स्वतःच्या लहानपणाबद्दलच जास्त बोलतात. दुसरीचं म्हणणं, अगं, मजा त्यातच तर आहे! तिसरी तबस्सुमची भक्त. 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'बद्दल कोणी वावगं बोललं की ती चहासुद्धा घ्यायची नाही.

गंमत अशी की, ज्या कार्यक्रमांसाठी आम्ही भांडत होतो, त्यांपैकी एकही आमच्यातल्या कुणी त्या काळात पाहिलेला नव्हता. आमचे जन्मच मुळी 2005 नंतरचे. आम्ही दुसऱ्यांच्या आठवणींवर हक्क सांगत होतो.

पण त्या पॉडकास्टनं आम्हाला पुष्कळ शिकवलं, हेही कबूल केलं पाहिजे. दिल्लीला टीव्ही 1959 साली आला आणि मुंबईला यायला 2 ऑक्टोबर 1972 उजाडला, हे मला तिथंच कळलं. पाठोपाठ पुण्याचीही सोय झाली. मग मुंबई दूरदर्शनचं 'छायागीत' सुरू झालं आणि गुरुवारची संध्याकाळ आठवड्यातली सर्वांत मोठी संध्याकाळ झाली. टीव्ही ठेवायला त्या काळी परवाना काढावा लागे. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी संच असे आणि गुरुवारी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. चित्रपटातली गाणी एकापाठोपाठ एक दाखवायची, एवढंच खरं तर त्या कार्यक्रमाचं स्वरूप. पण थिएटरचं तिकीट काढल्याशिवाय गाणं डोळ्यांनी पाहता येतं, ही गोष्टच मुळी नवी होती. तोवर गाणं ही रेडिओवर ऐकायची वस्तू होती.

एका भागात विषय थेट विलायतेला गेला. बीबीसीचा 'टॉप ऑफ द पॉप्स' 1 जानेवारी 1964 ला सुरू झाला आणि 2006 पर्यंत दर आठवड्याला चालला. त्याचे पहिले भाग मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत केले होते म्हणे. पण मला चटका लावून गेली ती दुसरीच गोष्ट. त्या सुरुवातीच्या वर्षांचे बहुतेक भाग आज उरलेलेच नाहीत. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. लाखो लोकांनी पाहिलेलं गाणं, आणि त्याचा मागमूस नाही! मैत्रीण म्हणाली, "म्हणजे आता ते फक्त पाहणाऱ्यांच्या डोक्यात." हे वाक्य माझ्या मनात राहिलं.

असेच एके दिवशी पायऱ्यांवर बसलो असताना सर आले. विषय ऐकून तेही रेंगाळले. गुरुवारी आई स्वयंपाक लवकर उरकायची, शेजारचे आजोबा स्वतःची खुर्ची घेऊन यायचे, असं बरंच त्यांनी सांगितलं. मग एकीनं दादरच्या आजोळचं सांगितलं. दुसरीनं पुण्याच्या वाड्यातलं. तिसरीच्या आजीनं पहिला संच हप्त्यांवर घेतला होता. माझी पाळी आली.

मी म्हणाले, "आमच्याकडेही गुरुवारी सगळे छायागीतला बसायचे."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं गाव त्यांना ठाऊक आहे. पण ते एवढंच म्हणाले, "मग लिहा की यावर. अंकाला असा लेख हवाच आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्याकडे म्हणजे कोणाकडे? आमच्या घरात वीज आली तीच आई लग्न होऊन आल्यानंतर. आजी-आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले. आई सातवीपर्यंत शिकली, बाबा चौथीपर्यंत. कॉलेजच्या फाटकातून आत आलेली घरातली मी पहिली. या गोष्टी मी लपवते असं नाही. पण त्या पायऱ्यांवर सगळ्यांच्या ओंजळीत काही ना काही होतं आणि माझीच तेवढी रिकामी होती. ती रिकामी दाखवायची मला लाज वाटली. मित्रहो, एवढंच त्याचं कारण.

दिवाळीच्या सुटीत घरी गेले. आई अंगणात ज्वारी पाखडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तू छायागीत बघायचीस का गं?"

"त्ये काय असतं?"

तिला ते नावच माहीत नव्हतं. आणि माहीत असणार तरी कसं? इन्सॅट-1बी हा उपग्रह 1983 साली वर गेला आणि पुढच्या वर्षापासून देशभर गावोगाव लहान प्रक्षेपण केंद्रं झाली. त्यांवरून दिसायची ती मुख्यतः दिल्ली. त्यामुळे मुंबई-पुण्याला गुरुवारचं छायागीत, तर बाकीच्यांच्या वाट्याला दिल्लीचा 'चित्रहार'. एका महाराष्ट्रात राहूनही आमच्या आठवणींचे वार वेगळे होते! हे मला आधी सुचलं असतं, तर निदान खोटं तरी नीट बोलले असते.

"मग चित्रहार?"

आईचं सूप थांबलं. ती हसली. "त्यो व्हय! बुधवारी. त्यो ऐकलाय की."

"ऐकलाय?"

मग तिनं सांगितलं. तिच्या माहेरच्या गावात एकाच घरी टीव्ही होता. काळा-पांढरा. पाइपाला बांधलेला अँटेना वाऱ्यानं फिरला की एक पोरगा माळवदावर चढून "आलं का? आलं का?" ओरडायचा. माजघरात घरची माणसं, ओसरीवर गाव. आईच्या आळीतली पोरं मात्र बोळातल्या खिडकीशी उभी राहायची. टीव्ही त्याच भिंतीला लावलेला, म्हणजे खिडकीकडे त्याची पाठ.

"आत का नाही जायचात? कोणी नको म्हणायचं?"

"कुनी काय म्हनायचं न्हाई," आई म्हणाली. "आमीच जायचो न्हाई."

एवढं बोलून ती पुन्हा पाखडायला लागली. मी पुढं काही विचारू शकले नाही. थोड्या वेळानं तीच बोलली. टीव्ही दिसायचा नाही, पण बघणाऱ्यांची तोंडं दिसायची. अंधारात त्यांच्यावर उजेड पडायचा. गाणं दुःखाचं असलं की म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावायच्या, नाच असला की पोरं खिदळायची. त्यांच्या तोंडांवरून ही पोरं पलीकडचं चित्र जुळवायची. घरी परत जाताना त्यावरून भांडणं व्हायची. नायिका नदीवर होती की बागेत? घोड्यावर होता की पायी? अगदी आमच्यासारखंच! न पाहिलेल्या कार्यक्रमावर ही माणसं चाळीस वर्षांपूर्वी आमच्याइतक्याच हिरिरीनं भांडत होती.

तिच्या आवडीचं एक गाणं होतं. नाव तिला ठाऊक नाही, चाल गुणगुणून दाखवली. मी मोबाइलवर शोधलं आणि तिच्या हातात दिलं. हात पदराला पुसून तिनं तो धरला. साडेचार मिनिटं ती काही बोलली नाही. गाणं संपलं तेव्हा म्हणाली, "हिची साडी पिवळी हाय व्हय? माझ्या मनात हिरवी व्हती."

मी म्हणाले, "आत बसलेल्यांना तरी कुठं पिवळी दिसली होती? त्यांच्या टीव्हीत ती करडीच असणार."

आईनं यावर जरा विचार केला. मग तिला इतकं हसू आलं, की सुपातली ज्वारी सांडली.

सुटी संपवून आले आणि पायऱ्यांवर मैत्रिणींना सगळं सांगितलं. आधी खोटं, मग खरं. पहिल्यांदा कोणीच बोललं नाही. मग तबस्सुमची भक्त म्हणाली, "अगं, पण बघणाऱ्यांचे चेहरे कसे दिसायचे, हे त्या पॉडकास्टवाल्यांनी एकदाही सांगितलं नाही." सांगणार कसं? ते सगळे टीव्हीकडे तोंड करून बसले होते.

सरांना हा लेख देताना मी म्हणाले, "सर, आमच्याकडे छायागीत नव्हतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हणून तर लिहा म्हटलं होतं."

परवा आईचा फोन आला होता. इकडचं-तिकडचं बोलणं झाल्यावर जरा घुटमळून म्हणाली, "त्या खिडकीतली आनखी धा-बारा गाणी हायेत. सुटीला आलीस की लावून दे."

द्वितीय वर्ष, कला