काळ्या दगडाच्या शहरात लोखंडी डबे

पुणे-बेंगळुरू महामार्गाने किणीचा टोलनाका मागे टाकून कोल्हापूरकडे येऊ लागले की उसाच्या शेतांइतक्याच नियमितपणे आणखी एक दृश्य दिसते. ते ट्रेलरवर चढविलेल्या लांबट लोखंडी कंटेनरांचे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील फाउंड्र्यांचे ओतकाम याच डब्यांत बसून न्हावाशेवा बंदर गाठते व तेथून देशोदेशी जाते. यांतील काही डबे मात्र आता प्रवासातून निवृत्त झाले आहेत. कोठे रोपवाटिकेचे कार्यालय, कोठे चहा-नाश्त्याचे उपाहारगृह, कोठे बांधकामावरील अभियंत्याची खोली अशा रूपांत ते रस्त्याच्या कडेला स्थिरावलेले आढळतात. व्यापारी घरांतील तरुण मंडळीही पेढीची नवी शाखा किंवा गोदामाशेजारचे कार्यालय कंटेनरचेच करू म्हणतात आणि वडीलधारी मंडळी दगड-विटांचा आग्रह धरतात. ज्या शहराची ओळख काळ्या दगडाने घडविली, त्याच्या वेशीवर आलेल्या या लोखंडी पाहुण्याच्या अंगावर कोणते आवरण घालावे, हा प्रश्न म्हणूनच घराघरांत येऊन पोहोचला आहे.

कोल्हापुरात भिंत म्हणजे काय, याचे उत्तर शहरातून पायी हिंडताना मिळते. अंबाबाईचे मंदिर काळ्या पाषाणाचे. मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला टाउन हॉल १८७६ मध्ये पुरा झाला आणि त्यांच्याच आराखड्यानुसार नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात घडीव काळ्या दगडात उभा राहिला. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९३१ ते १९३४ मध्ये, बांधला गेला. तेव्हाही दगड काळाच निवडला गेला. या भिंतींचे सामर्थ्य त्यांच्या जाडीत आहे. मे महिन्याच्या दुपारी बाहेरचा दगड हात लावू देत नाही, तरी आत गारवा असतो. कारण ऊन भिंत ओलांडून आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ झालेली असते. पेठांमधील जुन्या घरांच्या पांढऱ्या मातीच्या आणि भेंड्यांच्या भिंतीही याच न्यायाने थंड राहत. पाण्यापुढे मात्र त्या टिकत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या गावांतील अशी कितीतरी घरे बसली.

जिल्ह्याच्या पश्चिमेला भिंतीचे आणखी एक शहाणपण पाहावयास मिळते. कोल्हापूर शहरापेक्षा गगनबावड्याला कित्येक पटींनी अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे शिरोळपर्यंत तो शहराच्याही मानाने बराच उणावतो. एकाच जिल्ह्यात पावसाचे इतके अंतर क्वचित असेल. घाटमाथ्यावरचा शेतकरी वळवाचे पाऊस सुरू झाले की पश्चिमेच्या भिंतीपुढे गवताच्या किंवा पाचटाच्या ताट्या उभ्या करीत असे. पावसाचा मारा ताटीने सोसावा, ताटी आणि भिंत यांच्यामधील फटीतून वारा खेळत राहावा आणि आतली मातीची भिंत कोरडी राहावी, अशी ती योजना. आजचे वास्तुविशारद बाह्य आवरणाची जी उत्तम पद्धत म्हणून सांगतात, ती याहून फारशी वेगळी नाही. ताटीच्या जागी सिमेंट बोर्ड किंवा रंगीत पत्रा येतो, एवढाच फरक.

कंटेनरचा जन्म मात्र अगदी वेगळ्या गरजेतून झाला. अमेरिकेतील मालवाहतूकदार माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल-एक्स’ या जहाजाने २६ एप्रिल १९५६ रोजी नेवार्कहून ह्यूस्टनकडे ५८ डबे नेले आणि जगाच्या व्यापाराची रीत पालटली. आज प्रचलित असलेला २० फुटी डबा सुमारे ६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच असतो. त्याचे रिकामे वजन साधारण सव्वादोन टन भरते. त्याच्या भिंतीचा पत्रा जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा. डबे एकमेकांवर रचले की भार पडतो तो चार कोपऱ्यांच्या खांबांवर. भिंतीच्या पत्र्याला उभ्या पन्हळी असतात त्या डब्याला ताठपणा देण्यासाठी. दारे-खिडक्यांसाठी हा पत्रा मोठ्या प्रमाणात कापला आणि कापलेल्या जागी लोखंडी चौकट जोडली नाही, तर छप्पर झोल खाते.

हा पत्रा साध्या लोखंडाचा नसतो. कॉर्टेन या नावाने ओळखले जाणारे ते मिश्र पोलाद असून त्यावर चढणारा गंजाचा पहिला थर घट्ट बसतो व पुढच्या गंजाला आवर घालतो. परंतु पोलाद आलटून पालटून ओले आणि कोरडे होत राहिले तरच हे घडते. सतत ओल राहिली की कॉर्टेनही साध्या पत्र्याप्रमाणे कुजते. शोभेसाठी म्हणून पत्र्याला चिकटवूनच फळ्या ठोकल्या आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट ठेवली नाही, तर आवरण सुंदर दिसत राहते आणि आतला डबा चाळण होतो. कोल्हापुरातील चार महिन्यांचा पावसाळा त्याला पुरेसा आहे.

आवरण कशासाठी, याचे उत्तर गुळाच्या व्यापाऱ्याला सर्वांत चटकन कळेल. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना ओल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. दमट हवेत गुळाला पाणी सुटते आणि रव्याचा भाव पडतो. लोखंडी डबा दिवसा तापतो व रात्री झपाट्याने निवतो. आतल्या हवेतील बाष्प थंड छताला लागून थेंब होते आणि ते थेंब मालावर गळतात. जहाजी व्यवहारात यास कंटेनरमधील पाऊस म्हणतात आणि त्यापासून बचाव म्हणून आत ओल शोषणाऱ्या पुड्या टांगतात. माणसे बसण्याच्या खोलीत पुड्या टांगून भागत नाही. पत्र्याचे तापमान एवढे चढू-उतरूच नये, अशी तजवीज करावी लागते.

ही तजवीज आतून करावी की बाहेरून, यावर मतभेद आहेत. आतून उष्णतारोधक थर देणे सोपे आणि स्वस्त पडते, पण डब्याची आतली रुंदी मुळात ७ फूट ८ इंच. दोन्ही भिंतींना तीन-तीन इंचांचा थर दिला की उरतात ७ फूट २ इंच; त्यात टेबल, खुर्ची आणि समोर बसलेले गिऱ्हाईक मांडून पाहावे. बाहेरून थर दिल्यास जागा वाचते आणि पोलाद त्या थराच्या आड राहिल्याने त्याला ऊन-पावसाचे धक्के बसत नाहीत. त्यावर आवरण चढवावेच लागते, म्हणून खर्च वाढतो. कोल्हापूरच्या हवेचा विचार करता बाहेरचा मार्ग अधिक योग्य दिसतो. त्यातही पहिला खर्च छतासाठी व्हावा. डब्यावर हात-दीड हात उंचीवर दुसरे उतरते छप्पर घालून त्याच्या वळचणी भिंतीबाहेर दोन फूट काढल्या, तर निम्मे ऊन आणि बराच पाऊस भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. हे न करता नुसत्या भिंती सजविणे म्हणजे अंगात भरजरी कोट आणि डोक्याला काहीच नाही असा प्रकार होय.

भिंतीच्या पन्हळी उभ्या असल्याचा येथे एक फायदा मिळतो. पन्हळींच्या उंचवट्यांवर आडव्या पट्ट्या बसविल्या तरी खोलगट भाग वरपासून खालपर्यंत मोकळे राहतात. त्यांतून हवा वर चढते आणि पाणी खाली उतरते. त्या पट्ट्यांवर मग उभे आवरण घ्यावे. खालचे आणि वरचे तोंड बंद करू नये, मात्र तेथे बारीक जाळी लावावी. जाळी नसेल तर त्या पोकळीत उंदीर, मधमाश्या आणि झुरळे वस्ती करतात. आधीच जाळी लावली म्हणजे पुढे औषध मारण्याचा प्रसंग जैन घरात येत नाही.

आवरणासाठी कोणता माल घ्यावा, याचा पहिला मोह कोल्हापुरात काळ्या दगडाचाच होतो. हिशेब करून पाहावा. २० मिलिमीटर जाडीच्या काळ्या दगडाच्या लाद्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ५८ किलो भरतात. दारे-खिडक्या वगळून २० फुटी डब्याच्या भिंती ३५ चौरस मीटर धरल्या, तर दोन टन वजन झाले, म्हणजे जवळजवळ दुसरा डबाच. दोन मिलिमीटरच्या पत्र्याने तो भार वाहावा ही अपेक्षा चुकीची आहे. स्वतंत्र पायावर, डब्यापासून सुटी अशी जोत्याएवढी दगडी भिंत रचून हौस भागविणे बरे. जांभ्यालाही हेच लागू.

रंगीत प्रोफाइल पत्रा हा सर्वांत व्यवहारी पर्याय. हलका, मिळण्यास सोपा आणि बसविणारे कारागीर शिरोलीपासून उद्यमनगरापर्यंत कोठेही सापडतात. मुसळधार पावसात तो वाजतो हा त्याचा दोष, पण मागे रॉकवूलचा थर असल्यास आवाज बराच दबतो. सिमेंट फायबर बोर्ड जड पण शांत. त्याच्या कापलेल्या कडांना रंग किंवा सीलर लावला नाही तर त्या पाणी पितात. लाकूड दिसायला देखणे असले तरी दर दोन-तीन वर्षांनी तेलपाणी मागते, आणि वाळवीचे काय, हा प्रश्न उरतोच. बांबूच्या पट्ट्यांचे आवरण घाटमाथ्याला शोभून दिसते. शाहूवाडी-आजऱ्याकडे बांबू मुबलक आहे; प्रक्रिया न केलेल्या बांबूला भुंगा लागतो हे तेवढे ध्यानात असावे.

अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल मात्र विचारपूर्वकच घ्यावे. दुकानांच्या दर्शनी भागांवर आज जे चकचकीत पत्रे दिसतात, ते बहुधा हेच. दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये भराव असतो आणि तो साध्या पॉलिथिनचा असेल तर आग पकडतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेली आग अशाच आवरणातून मजल्यामागून मजला चढत गेली आणि ७२ जण दगावले. कोल्हापूरला आगीची आठवण दूरची नाही. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, सुरू झालेले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, तेव्हा रंगमंच आणि छप्पर ज्वाळांनी गिळले. पॅनेल घ्यायचेच असेल तर अग्निरोधक भरावाचे, चाचणी प्रमाणपत्र पाहून घ्यावे. उष्णतारोधक थरालाही हाच नियम. फोमपेक्षा रॉकवूल महाग पडेल, पण ते जळत नाही. शिवाय अॅल्युमिनियम आणि पोलाद ओल्या जागी थेट एकमेकांस लागले की अॅल्युमिनियम झिजू लागते. मध्ये रबर किंवा प्लॅस्टिकची पट्टी हवी.

पंचगंगेच्या पूररेषेजवळ जागा असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले व शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. लोखंडी डबा जड, तो कोठे जातो, असे वाटते. पण सव्वादोन टनांचा रिकामा, चोहोबाजूंनी बंद डबा सहा इंच पाण्यातही उचलला जाऊ शकतो. जहाजाचे तत्त्व तेच. दारे-खिडक्यांच्या फटींतून पाणी आत शिरते म्हणून तो सहसा इतक्या लवकर तरंगत नाही, तरीही उंच जोते आणि चारही कोपऱ्यांना काँक्रीटमध्ये रुतविलेले बोल्ट यांवाचून पर्याय नाही. पुराचे गढूळ पाणी आवरणामागे शिरल्यास गाळ साचतो, म्हणून खालचे दोन-तीन फुटांचे पत्रे स्क्रू काढून सहज उतरविता येतील असे स्वतंत्र असावेत.

हिशेबाच्या बाजूने पाहता कंटेनरचे आकर्षण असे की तो उचलून नेता येतो. बँका कर्ज देताना जंगम आणि स्थावर यांत फरक करतात; एकास नजरतारण, दुसऱ्यास गहाणखत. काँक्रीटमध्ये रुतविलेला, दगडी जोत्यावर बसविलेला आणि कायमचे आवरण चढविलेला डबा जंगम राहिला की नाही, हे कर्ज घेण्यापूर्वी वकिलाकडून लेखी समजून घ्यावे. विमा कंपनीलाही भिंतीचा आणि आवरणाचा माल प्रस्तावातच कळवावा. डबा सुटा आहे म्हणून परवानगी नको, हा समज तर सर्वत्र आढळतो. तात्पुरत्या बांधकामालाही नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते.

आवरणच नको, नुसता रंग पुरे, असे म्हणणारेही आहेत. कतारमधील दोहा येथे २०२२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी उभारलेल्या ‘स्टेडियम ९७४’ मध्ये तेवढेच, म्हणजे ९७४ कंटेनर वापरले गेले आणि त्यांचे रंगीत पत्रे उघडेच ठेवले होते. पण ते सुटे करता येईल असे आखलेले मैदान होते आणि पाऊस तेथे नावालाच. शिरोळ-हातकणंगल्याच्या कमी पावसाच्या भागात दुसरे छप्पर आणि पांढरा परावर्तक रंग एवढ्यावर गोदामाचे काम भागू शकते, राधानगरी-गगनबावड्यास नाही.

जुना डबा घेताना त्याच्या तळाची प्लायवूड फरशी पाहावी. ती सुमारे २८ मिलिमीटर जाड असते आणि कीड लागू नये म्हणून बहुधा कीटकनाशकात भिजविलेली असते. माणसांच्या वापरासाठी ती बदलावी किंवा त्यावर अभेद्य थर द्यावा. जुन्या रंगावर ग्राइंडर चालविताना कारागिराच्या तोंडावर योग्य मुखपट्टी असावी. आणि मे महिन्यात, जेव्हा गावाकडे कौले शाकारली जातात, त्याच सुमारास शिडी लावून आवरणाच्या प्रत्येक स्क्रूखालचे रबरी वॉशर तपासावे, तडकलेले बदलावेत, खालच्या जाळीत अडकलेला पाला काढावा आणि पन्हळीत वरून तांब्याभर पाणी ओतून ते खाली मोकळे उतरते का, हे पाहून घ्यावे.