घर गरम झालं का?

लीड्समधल्या आमच्या घराच्या खिडक्या गेल्या नोव्हेंबरात बदलल्या. एकेरी काचा गेल्या, दुहेरी आल्या. साडेसहा हजार पौंड गेले, म्हणजे घरासाठी बाजूला ठेवलेली जवळजवळ सगळी शिल्लक. चौथ्या दिवशी आईने विचारलं, "मग, घर गरम झालं का रे?"

प्रश्न साधा, उत्तर तेवढं सोपं नाही. काच म्हणजे काही शेगडी नव्हे. ती उष्णता तयार करत नाही, आहे ती बाहेर जाताना अडवते, इतकंच. त्यामुळे हीटिंग चालू असताना थर्मामीटर बघण्यात अर्थ नाही. थर्मोस्टॅट १९ वर ठेवला की काच कसलीही असो, घर १९ वरच थांबणार! बघायचं ते हीटिंग बंद केल्यावर.

जुन्या खिडक्या होत्या तेव्हाच मी काही रात्रींच्या नोंदी करून ठेवल्या होत्या. रात्री दहाला हीटिंग बंद, सकाळी सहाला आकडा बघायचा, बाहेरचं तापमानही लिहायचं. बाहेर ४ अंश असताना घर १९ वरून साडेतेरावर यायचं. नव्या खिडक्यांनंतर तेवढ्याच थंडीची, तेवढ्याच वाऱ्याची रात्र मिळायला दोन आठवडे थांबावं लागलं. त्या सकाळचा आकडा साडेचौदा.

एक अंश! बायको काही बोलली नाही, पण तिने वहीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता निसटते, त्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. एकेरी काचेची ती ५ च्या आसपास, आमच्या नव्या खिडक्यांची १.४. आमच्या खिडक्या सगळ्या मिळून १० चौरस मीटर. फरक १५ अंशांचा धरला तर पूर्वी ७५० वॅट बाहेर जात होते, आता २१०. म्हणजे खिडक्यांनी त्यांचं काम चोख केलंय. पण आमचं घर शंभर वर्षांपूर्वीचं, भरीव विटांच्या भिंतींचं. अशा भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण १.७ ते २.१. गंमत बघा, आता काचेपेक्षा भिंतीतून जास्त उष्णता जाते! शिवाय भिंती खिडक्यांच्या कितीतरी पट मोठ्या.

खिडक्या नीट बसवल्यात का, तेही तपासलं. वारा असलेल्या दिवशी चौकटीच्या कडेने उदबत्ती फिरवली. एका कोपऱ्यात धूर आडवा झाला, तिथे माणसाला बोलावून फट बुजवून घेतली. अंधारात काचेसमोर मेणबत्ती धरली. दोन काचांच्या चार पृष्ठभागांत चार ज्योती दिसतात, त्यातली एक वेगळ्या रंगाची दिसली तर उष्णता परतवणारा पातळ लेप आहे असं समजायचं. दिसली. एका सकाळी काचेवर बाहेरून दव होतं. शेजारी म्हणाला, काच खराब निघाली. उलट आहे. आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती गार राहून तिच्यावर दव धरतं. दोन काचांच्या मध्ये धुकं साचलं तर मात्र सील गेलं म्हणायचं.

आईला यातलं काय सांगणार? तिला ७९ वं वर्ष चालू आहे. थंड हवामानात घरात निदान १८ अंश असावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितलंय. थंडीत तिला तिची खुर्ची खिडकीपासून उचलून आतल्या भिंतीला लावावी लागायची. खोलीतली हवा १९ अंश असली तरी एकेरी काचेची आतली बाजू नऊ-दहा अंशांवर असायची, आणि अशा गार काचेशेजारी बसलं की अंगातली ऊब तिकडे जात राहते. थर्मामीटरला ते कळत नाही, गुडघ्यांना कळतं. आता आतली काच सोळाच्या आसपास असते.

जानेवारीत तिने स्वतःहून खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. रस्त्यावरची पोरं शाळेत जाताना बघत बसते. शाल अजून अंगावर असते, पण मांडीवरचं ब्लँकेट गेलं.

रात्रीचं हीटिंग मात्र आम्ही आता पूर्ण बंद करत नाही, १८ वर ठेवतो. साडेचौदा अंश तिच्यासाठी कमीच. भिंतींना आतून अस्तर लावायला किती खर्च येईल, त्याची चौकशी सुरू केली आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.